दहावा माणूस

पत्नी लियाबाईंना जाऊन महिना झाला म्हणून एलिझर नवगावकर सातरस्त्याच्या सिनेगॉगमध्ये आले होते. मृतासाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात आणि जमले होते नऊच. सगळे निघायच्या बेतात असताना गाबोर नावाचा एक हंगेरियन पर्यटक इमारत बघायला आत आला.

"तुम्ही ज्यू का हो?" नऊ जणांतल्या मोझेसकाकांनी विचारलं.

"असेन. कम्युनिस्ट राजवट गेली तेव्हा आजीने घरात सांगितलं. तोवर भीतीने बोलली नव्हती."

"आजी कुठली? आईची आई?"

"हो."

"मग झालं तर. ज्यूपण आईकडूनच येतं. टोपी घाला."

"पण मला प्रार्थना येत नाही."

"एलिझरशेजारी उभे राहा. तो करेल तसं करा."

गाबोरने अगदी मन लावून केलं. एलिझर वाकले की तो वाकायचा, मागे सरले की सरायचा. म्हणता म्हणता एलिझरना रडू आवरेना. त्यांनी रुमालाने डोळे टिपले, तर शेजारी हाही डोळे टिपत होता.

बाहेर आल्यावर एलिझरनी त्याचे दोन्ही हात धरले. "माझ्या लियाला कधी पाहिलंही नाहीत, आणि तिच्यासाठी एवढं रडलात?"

गाबोर ओशाळला. "मला वाटलं, तेही प्रार्थनेतच असतं."