सात रिकाम्या खोल्या

“किल्ली सापडत नाही,” हेडक्लार्क बाई म्हणाल्या. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती.

खोल्या मोजायला आलेला टेपवाला दारातच उभा होता. त्याला खुर्ची दिली नव्हती, पाणी विचारलं नव्हतं, आणि तो ज्या पंख्याखाली उभा होता त्याचं बटण बाईंनी मघाशीच बंद केलं होतं. मुख्यालयातून आलेल्या माणसाचा एवढाच पाहुणचार करायचा, असं सकाळी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

“थांबतो,” तो म्हणाला. “मला घाई नाही.”

घाई नव्हती, हीच तर पंचाईत होती. विद्यापीठाच्या तिजोरीत खडखडाट झाला होता. दोन संकुलांचं यंदा एक होणार होतं: एक हे, दुसरं चार तासांच्या अंतरावरचं. एक राहणार, एकाला टाळं लागणार. कुठल्याला, ते या माणसाच्या अहवालावर ठरायचं होतं. गेल्या वर्षी हाच माणूस हीच टेप घेऊन आला होता. तीन खोल्या रिकाम्या लिहून गेला आणि महिन्याभरात तीन माणसं घरी बसली. यंदा काय करायचं ते कुणी कुणाला शिकवायची गरज नव्हती.

वरच्या मजल्यावर सात खोल्या रिकाम्या होत्या. तीन दिवस सगळा कर्मचारीवर्ग त्या भरत होता. मोडकी बाकं, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, प्रयोगशाळेतला हाडांचा सापळा, जे हाताला लागलं ते वर गेलं. निवृत्त प्राध्यापकांच्या नावाच्या पाट्या घासूनपुसून दारांवर परत लावल्या. त्यातले एक तर हयातही नव्हते.

बाईंचा जीव मात्र मागच्या गल्लीत अडकला होता. तिथे घरी त्यांचे वडील होते. वडिलांना दिसत नव्हतं. मधल्या सुट्टीत बाई पळत घरी जात, त्यांना जेवायला वाढत आणि पळत परत येत. पलंगापासून मोरीपर्यंत चौदा पावलं, वळणावर कपाटाचा कोपरा. म्हातारा भिंतीला हात लावून सगळं आपलं आपण करायचा आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. इथे टाळं लागलं, तर बाईंची बदली पलीकडच्या संकुलात व्हायची; आणि त्याला चार तास लांबच्या नव्या घरात नेणं म्हणजे दुसऱ्यांदा आंधळं करणं. बाईंना टेपवाल्याचा राग होता तो असा, पोटातून.

अखेर किल्ली सापडली. सापडणं भागच होतं.

पहिल्या खोलीत टेबलावर छत्री होती, शेजारी चहाचा कप. टेपवाल्याने कपाला बोट लावलं. चहा गरम होता.

“कोण बसतं इथे?”

“पाटी वाचता येत असेल ना?”

त्याने लांबी-रुंदी मोजली आणि वहीत टिपली. पुढच्या खोलीत फळ्यावर अर्धवट सोडवलेलं गणित होतं. तिसऱ्या खोलीत पुन्हा गरम चहा आणि छत्री. मागच्या जिन्याने पुढे पळत गेलेल्या शिपाईकाकांची धाप भिंतीपलीकडून ऐकू येत होती.

“ही छत्री मघाशी पहिल्या खोलीत होती,” टेपवाला म्हणाला.

“आमच्याकडे सगळे एकाच दुकानातून छत्र्या घेतात.”

तो हसला नाही. पेन उघडं ठेवून त्याने विचारलं, “छत्री उचलली, तर ही खोली रिकामी म्हणून लिहू?”

“खबरदार!”

“एखादी तरी असेल, बाई.”

“तुम्हाला आमच्या पोटावर पाय द्यायची एवढी हौस का हो?”

“मला मोजायला सांगितलंय. कशासाठी, ते बोलायची परवानगी नाही.” त्याने कोपऱ्यातल्या सापळ्याकडे पाहिलं. “समजा, उद्या इथे आणखी अडीचशे मुलं आली. कुठे बसवाल?”

सापळा लावतोय मेला, बाईंच्या मनात आलं. हो म्हटलं की जागा पडून आहे म्हणून लिहिणार.

“बसवायचं सोडा, उभं राहायलाही जागा नाही!”

“हे लेखी द्याल?”

“आत्ता देते.”

“पुन्हा एकदा विचार करा.”

“धमकी कुणाला देता?” बाई तरातरा खाली गेल्या. संकुलात एकही खोली रिकामी नाही, असं ठसठशीत अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि गोल शिक्का असा हाणला की दौत हादरली. टेपवाल्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. जाताना त्याने पाणी मागितलं. नळाला पाणी नाही, असं त्याला सांगण्यात आलं.

त्या रात्री वडील पोटभर जेवले. बाईंनी त्यांना छत्रीची गोष्ट सांगितली तेव्हा म्हाताऱ्याला हसून हसून ठसका लागला.

आठवड्याने बातमी आली, की टेपवाला पलीकडच्या संकुलातही जाऊन आला. तिथल्या शहाण्यांनी म्हणे पाच खोल्या झाडूनपुसून सताड उघड्या ठेवल्या होत्या, वर त्याला जेवूही घातलं.

“घेतला धोंडा मारून पायावर,” बाई म्हणाल्या. अख्खं ऑफिस हसलं. बाईंना क्षणभर त्या लोकांची दयाही आली.

पंधराव्या दिवशी मुख्यालयाचा लिफाफा आला. प्राचार्यांनी तो फोडला आणि उभ्या उभ्या वाचू लागले.

“मोठ्याने वाचा ना, सर,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांना ऐकू दे.”

प्राचार्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सुरुवातीपासून वाचायला घेतलं.

“‘दोन्ही संकुलांतील मुले एकाच इमारतीत सामावून घ्यावयाची असल्याने, ज्या संकुलात रिकाम्या खोल्या अधिक असतील तेच चालू ठेवण्याचे ठरले होते. पलीकडील संकुलात पाच खोल्या रिकाम्या आढळल्या. आपल्याकडे एकही नाही. हेडक्लार्क यांचा सही-शिक्क्याचा दाखला सोबत जोडला आहे.’”