तीन दिवसांची सुट्टी

कॅनडात राहणारा मुआज चार वर्षांनी आज सकाळी जुन्नरला आला, तोही तीनच दिवसांसाठी. "अम्मी, सुट्टीच मिळाली नाय," तो म्हणाला.

जोहराबीनं पहाटेच मटणाला दही, आलं-लसूण आणि कच्ची पपई लावून मुरत ठेवलं होतं, निखाऱ्यावर भाजायला. पण मुआजचे डोळेच उघडेनात. "जेट लॅग आहे गं. तिकडं आत्ता रात्र असते."

उन्हात बसलं की लवकर उतरतो, असं शेजारणीनं सांगितलं, म्हणून तिनं अंगणात बाज टाकली. तो तिथंही झोपला. ती माशा वारत बसली.

दुपारी पुण्याहून मुआजच्या सासूचा फोन आला.

"जावई पोचले ना नीट? बारा दिवस आमच्याकडं होते, तर घर कसं भरलेलं होतं. आज लई सुनं वाटतंय."