पायाचा कागद

आई जाऊन तीन महिने झाले आणि तिच्या नावाने चपलांचं पार्सल आलं.

ती चपला कॅटलॉग पाहूनच मागवायची. कंपनीला फॉर्मबरोबर पायाचा कागद लागे. कागदावर पाऊल ठेवायचं आणि भोवती पेन्सिल फिरवायची. आईला वाकवत नसे, म्हणून रेघ मी ओढायची. पेन्सिल तळव्याशी आली की ती पाय मागे घ्यायची. "अगं, गुदगुल्या होतात!" तिथे रेघ हमखास वाकडी व्हायची.

चपलांबरोबर कंपनी तो कागद परत पाठवते. खोक्यात तो होता. डाव्या पायाला करंगळी नव्हती; आईची ती शेवटच्या वर्षी काढावी लागली होती. कडेला तारीख होती, गेल्याच महिन्यातली.

माझा संशय मावशीवर गेला. मी तिला फोन केला.

"मी कशाला मागवू गं? माझे पाय म्हणजे नुसत्या होड्या. तिच्या चपलेत माझा अंगठा तरी मावेल का?"

मी कागद पुन्हा पाहिला. तळव्याशी रेघ वाकडी होती. तारखेचं अक्षर माझं होतं.

"बाबा, हा कागद कोणी पाठवला?"

"तूच की," ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले. "त्या दुपारी आईच्या खुर्चीपाशी बसून रेघ ओढत होतीस. मी दारातूनच परत फिरलो."

"एकटीच होते ना मी?"

बाबांनी वर्तमानपत्राची हळूहळू घडी घातली.

"मग हसत कोण होतं?"