मागचं दार

ड्रायव्हरनं शाळेची बस बरोबर कोपऱ्यावर आणून उभी केली, आणि दार उघडलं नाही.

खाली गॅरेजवाल्याची पोर उभी होती, पाठीला दप्तर, एक पाऊल पुढं टाकून. तिच्या मागं गॅरेजवाला. तीन दिवस बस वेळेआधीच येऊन निघून गेली होती, म्हणून आज बापलेक अर्धा तास आधी येऊन थांबले होते. ड्रायव्हरला ते लांबूनच दिसले. बरं झालं, तो मनाशी म्हणाला. न थांबता जाण्यात काय मजा? थांबायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि बंद दार त्याला पोटभर बघू द्यायचं.

दंगलीत याच माणसानं ड्रायव्हरची स्वतःची गाडी पेटवली होती. परक्यानं पेटवली असती तर एक वेळ गिळलं असतं. पण यानं अकरा वर्षं त्या गाडीचं ऑइल बदललं, ब्रेक बघितले, तिचा खोकला गल्लीच्या तोंडावरून ओळखला. आणि त्या संध्याकाळी डिझेलच्या टाकीचं झाकणही सगळ्यात आधी त्यालाच सापडलं. ड्रायव्हरनं घरातून, खिडकीच्या फटीतून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. साक्षीला मात्र गल्लीतला एक माईचा लाल उभा राहिला नाही. आता तो कॅथलिक मिशनच्या शाळेची बस चालवत होता. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याची किल्ली.

त्या शाळेच्या मोठ्या सिस्टर. दंगलीत त्यांनी दोन्हीकडची माणसं प्रार्थनेच्या हॉलमध्ये एकाच सतरंजीवर झोपवली होती, आणि शाळा पुन्हा उघडल्यावर नवाच नियम काढला होता. शेवटचं लेकरू आवारात आल्याशिवाय सकाळची प्रार्थना सुरू करायची नाही. मग ते कुणाचं का असेना. ड्रायव्हरनं ऐकलं आणि त्याला आयतं कोलीत मिळालं. पोरगी चालत येणार, तोवर सगळी शाळा उन्हात ताटकळणार, आणि आठ दिवसांत पोरंच तिला नकोसं करून सोडणार. बापानं केलेलं लेकीनं निस्तरायचं. पोरीला उशीर का होतो म्हणून सिस्टरांनी परवा विचारलं, तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, गाडी उशिरा नसते, उलट लवकरच असते. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

खटकत होतं ते एवढंच. तीन दिवस पोरं ताटकळली, पण तिला कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं.

खाली पोरीनं दारावर बोटानं हळूच टकटक केलं. गॅरेजवाल्यानं मान वर केली. ड्रायव्हर समोर बघत मनात आकडे मोजत होता. साठ झाले की निघायचं.

चाळीसला मागं कर्रर्र करून बझर वाजला. आग-अपघाताच्या वेळी उघडायचं मागचं दार कुणीतरी उघडलं होतं. आरशात बघतो तर पोरं एकेक करून खाली उतरतायत, मोठी पोरं बारक्यांना हात देतायत. आणि दार धरून उभी कोण, तर त्याचीच लेक, ठकी. घरी साधं पाणी आण म्हटलं तरी दहा हाका मारायला लावणारी.

तो सीटांमधून तडक मागं गेला. हा काय चावटपणा चाललाय, चढा आधी वर, एकेकाच्या घरी सांगतो, असं बरंच काही बोलला. ठकी घाबरली-बिबरली नाही.

"बाबा, तसंही तिकडं जाऊन हिचीच वाट बघत उभं राहायचंय. मग इथूनच बरोबर जातो की."

आणि चालायला लागली. ठकी धरून एकतीस पोरं, आणि त्यांच्या मधे गॅरेजवाल्याची. एका बारक्यानं विचारलं, चालत गेलं तर गणिताचा तास बुडेल का? बुडेल म्हटल्यावर तो सगळ्यांच्या पुढं पळाला.

मागून रिकामी बस, पहिल्या गिअरवर. ड्रायव्हर दातओठ खात होता. पोटच्या पोरीनं चारचौघांत नाक कापलं, तेही कुणासाठी! त्याच्या खिडकीखालून गॅरेजवाला चालत होता. मग सवयीनं बोलून गेला, "क्लच जळेल अशानं."

"जळण्यातलं तुला बरं कळतं," ड्रायव्हर म्हणाला. दंगलीनंतरचं दोघांतलं हे पहिलं बोलणं.

पुढं पूल आला. पुलावर ट्रकमागून ट्रक, आणि कडेला धड पाऊल ठेवायला जागा नाही. पोरं काही थांबेनात. ठकीनं सगळ्यांची रांग केली, बारक्यांना कठड्याकडे घेतलं आणि स्वतः ट्रकच्या बाजूला झाली. गॅरेजवाल्याच्या पोरीनं ते बघितलं. ती रांगेतून निघाली, ठकीला खांद्यानं आत ढकललं आणि तिच्या जागी बाहेरच्या अंगाला उभी राहिली.

ड्रायव्हरनं बस पुढं काढून त्यांच्यासमोर आडवी घातली.

दारापाशी पोरांचा घोळका झाला. खिडकीपाशी गॅरेजवाला आला, धापा टाकत. काच अर्धी खाली होती. तिच्या कडेवर त्यानं दोन्ही काळे हात ठेवले.

"ऐक ना. त्या दिवशी मी..."

"हात काढ."

त्यानं काढले. ड्रायव्हरनं उजव्या हातानं काच गरागरा वर चढवली, पार शेवटपर्यंत, आणि डाव्या हातानं दांडा ओढून दार उघडलं.