शाळा वाढवा

आर्किटेक्टबाईंनी शाळा उचलली आणि चहाच्या ट्रेशेजारी ठेवली. पुठ्ठ्याची होती, दोन बोटांत आली. तिच्या जागी त्यांनी वृद्धाश्रमाचा पांढरा ठोकळा बसवला. चर्च, सिस्टरांचं कॉन्व्हेंट आणि मैदान होतं तिथंच राहिलं. टेबलाभोवतीच्या मंडळींनी माना पुढे काढल्या.

"बघा, कसं चपखल बसलं!" दातांचे डॉक्टर म्हणाले. पॅरिशच्या कमिटीत सगळ्यांत जास्त तेच बोलत. आपण बोलायचं आणि समोरच्यानं आ वासून गप्प बसायचं, ही त्यांची दवाखान्यातली सवय. "चर्चमध्ये आता सगळी पिकली डोकी. शाळेत मुलं कमी, शिकवणाऱ्या सिस्टर तीन, त्याही आमच्याच वयाच्या. त्यांच्यामागं कोण चालवणार? उगाच ओढाताण कशाला?"

मुख्याध्यापिका सिस्टर ट्रेशेजारच्या शाळेकडं बघत होत्या. त्यांचं सगळं आयुष्य त्या इमारतीत गेलं होतं. परवाच त्यांनी पहिलीच्या वर्गातल्या खिडकीला नवी कडी बसवून घेतली होती, मुलांची बोटं चिमटतात म्हणून.

"शाळा गेली तर या आवारात रविवारखेरीज कुणी फिरकायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मान्य. पण शिकवणार कोण?"

सगळे चहाकडं वळले.

फादर वयानं लहान आणि भांडणाला भिणारे. त्यांनी घसा साफ केला. "शाळेची जागा कॉन्व्हेंटची. मदर म्हणतील तसं. सिस्टर, तुम्हीच विचारून या ना." मदर कॉन्व्हेंटच्या वरच्या मजल्यावर राहत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या जिना उतरत नसत. त्यातून त्या सिस्टरांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. सिस्टरांची सिस्टर मदर, असा कमिटीतला जुना विनोद होता आणि त्याला अजून लोक हसत.

मदर खिडकीपाशी बसल्या होत्या. खाली मैदान रिकामं होतं.

"ताई, खाली सगळे तुझ्या शब्दासाठी थांबलेत," सिस्टर म्हणाल्या. दोघीच असल्या की मदरची ताई व्हायची. "माझं म्हणणं तुला ठाऊक आहे."

"तुझं म्हणणं गावाला ठाऊक आहे. दिवसातून दहादा सांगतेस."

मदर खिडकीतून खाली मैदानाकडं बघत राहिल्या. काल रात्रभर त्यांना झोप नव्हती. शेवटी त्यांनी धाकट्या बहिणीचा हात हातात घेतला.

"सांग त्यांना, शाळा वाढवा."

सिस्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"रडतेस काय गं लहान पोरीसारखी? जा, लोक खोळंबलेत."

सिस्टर जिन्यावर थोड्या थांबल्या. त्यांनी तोंड पुसलं, चष्मा पुसला. हॉलच्या दारातूनच त्यांनी सांगितलं, "मदर म्हणाल्या, शाळा वाढवा."

"वाढवा?" डॉक्टरांचा कप ओठांशीच राहिला. "काय सांगता काय! नक्की असंच म्हणाल्या?"

"हेच शब्द. माझ्या पदरचं काही नाही."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. गप्प बसण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते लाल झाले.

"कमाल आहे बाईंची," ते म्हणाले. "स्वतःला जिना उतरवत नाही आणि म्हणतात वाढवा. आणि आम्ही धडधाकट माणसं वृद्धाश्रमात खोल्या धरायला निघालोय! लाज वाटली पाहिजे आपल्याला. ठरलं. विज्ञान मी शिकवणार. फुकट."

"तुम्ही मुलांना बोलू द्याल का पण?" त्यांच्या बायकोनं विचारलं. सगळे हसले आणि मग एकेकाला कंठ फुटला. डॉक्टरांची सून गणितात हुशार होती, तिनं सकाळचे तास घेतले. ऑर्गन वाजवणारे काका गाणं शिकवतो म्हणाले. आर्किटेक्टबाईंनी पांढरा ठोकळा काढला, शाळा पुन्हा जागेवर बसवली आणि तिच्यावर काड्यापेटी ठेवून बघितली. "वर एक मजला सहज चढेल," त्या म्हणाल्या. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना कुणी खुर्ची दिली तरी त्या बसल्या नाहीत.

फादर आनंदानं दोन-दोन पायऱ्या चढत मदरकडं गेले. मागून सिस्टर.

"मदर, तुमच्या एका शब्दानं काम झालं! वर नवा मजला चढवतोय. चार वर्ग वाढतील."

मदरनी फादरकडं बघितलं. मग फादरच्या खांद्यावरून मागं बघितलं. सिस्टर फरशीकडं बघत होत्या.

"शिकवणार कोण?" मदरनी विचारलं.

"तीच तर गंमत! सगळे पुढं आलेत. डॉक्टर स्वतः विज्ञान घेणार."

"डॉक्टर? शाळा नको म्हणणारे?"

"तेच. आम्हालाच लाज वाटली म्हणाले."

मदर पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांनी गुडघा चोळला. फादर हातांची बोटं एकमेकांत गुंतवून उभे राहिले. आता काय चुकलं, हे त्यांना कळेना.

"मग उभे काय राहिलात?" मदर म्हणाल्या. "बांधा."

फादर उड्या मारतच खाली गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्याखाली थांबला. मग मदर वळल्या.

"काय गं," त्या म्हणाल्या, "आपले बाबा रोज रात्री हातात कुलूप घेऊन 'पोरींनो, दुकान वाढवा' म्हणायचे, तेव्हा तू काय वर मजला चढवायला निघायचीस?"