थोरलीने घेतलेला फोन

"मुदत काल संपली, मॅडम," निवडणूक कचेरीच्या खिडकीमागचा कारकून म्हणाला. "परवानगी मंजूर झाली होती. पण हमीपत्रावर सही करायला तुम्ही आलाच नाहीत."

"मंजूर झाली होती?" धाकटीने खिडकीच्या कडेला हात टेकले. "मला कुणी कळवलंच नाही. मी तर आज नुसती चौकशी करायला आलेय."

थोरली तिच्या मागे उभी होती. भिंतीवर मतदान केंद्रांचा जुना नकाशा लावला होता, तो ती फारच लक्ष देऊन बघत होती.

घर बदललं की माणसांची नावं मतदारयादीतून कशी गळतात, यावर दोघी बहिणी आपापलं संशोधन करत होत्या. विषय आधी थोरलीचा. राज्यभरातल्या नोंदी मिळाव्यात म्हणून तिने दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा 'व्यक्तिगत माहिती देता येत नाही' असा शेरा मारून तो परत आला होता. मग धाकटीने अर्ज केला. तिने लिहिलं, नावं नकोत, जन्मतारखा नकोत, वयोगट आणि पत्ता बदलल्याचं वर्ष तेवढं दाखवा, तुमच्याच कचेरीत तुमच्याच कॉम्प्युटरवर बसून बघते. साधी युक्ती. थोरलीला ती सुचली नव्हती. आणि आई मात्र आल्यागेल्याला तेच सांगत सुटली होती, "आमच्या धाकटीचं डोकं बघा."

"असं कसं म्हणता?" कारकून म्हणाला. "फोन मी स्वतः केला होता, गेल्या आठवड्यात, सकाळी. एका बाईंनी घेतला. म्हणाल्या, ती आंघोळीला गेलीय, मी मोठी बहीण बोलतेय, सांगते तिला."

थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सांगायचंच होतं तिला. आधी वाटलं चहा घेताना सांगू, मग वाटलं कॉलेजातून आल्यावर सांगू. संध्याकाळी धाकटी तिच्याच खोलीत येऊन तिचीच शाल पांघरून बसली, हसत हसत काहीबाही बोलत राहिली, आणि थोरलीच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्या रात्री तिला छान झोप लागली होती.

धाकटी वळली. तिने थोरलीकडे पाहिलं, थोरलीने नकाशाकडे.

"हे बघा," कारकून आवाज उतरवून म्हणाला. "निरोप पोचला नाही असं तुम्ही सांगितलंत तर साहेब मुदत वाढवून देतील. आजपासूनच बसा कामाला. पुढच्या आठवड्यात याद्यांची फेरतपासणी सुरू होतेय. मग निवडणूक होईपर्यंत कुणालाच काही बघता येणार नाही. तर, निरोप नव्हता ना मिळाला?"

"मिळाला होता," धाकटी म्हणाली.

"अहो, आत्ता तर म्हणालात..."

"ताईने सांगितलं होतं. मीच विसरले."

कारकुनाने हात हवेत उडवले आणि अर्ज बाजूला सारला. संपलं. आता नोंदी दोघींनाही मिळणार नव्हत्या. फिट्टंफाट झाली होती. थोरलीला वाटलं, आता आपल्याला बरं वाटेल.

धाकटी पिशवीची चेन लावत होती. चेन अडकली तरी तिने ती ओढली नाही, हळूच सोडवली. तिचा चेहरा अगदी शांत होता आणि तो थोरलीला बघवेना. अर्ज हिचा सरस. आईचं कौतुक हिला. आणि आता माफ करायचं तेही हिनेच! ही घरी एक शब्द बोलणार नाही. कधीच बोलणार नाही. आणि आपण जन्मभर हिच्यासमोर मान खाली घालून बसायचं.

"खोटं बोलतेय ती," थोरली पुढे होऊन म्हणाली. "फोन मी घेतला होता. निरोप मी दिला नाही."

खिडकीमागे कुणीतरी टाइप करत होतं, ते थांबलं.

"विसरलात का?" कारकुनाने तिला सुटायची वाट दाखवली.

"नाही."

"मग?"

"द्यायचा नव्हता."

कारकुनाने घसा खाकरला. एकदा या बहिणीकडे पाहिलं, एकदा त्या बहिणीकडे. "मी 'विसरल्या' असंच सांगतो साहेबांना," तो म्हणाला आणि अर्ज घेऊन आत गेला.

बाकावर एकच जागा होती. दोघी उभ्याच राहिल्या.

"गप्प बसायला काय झालं होतं तुला?" धाकटीने विचारलं.

"तुझ्या नोंदी हातच्या गेल्या नाहीत ना? मग झालं तर."

"नोंदी गेल्या खड्ड्यात, ताई. लहानपणापासून तुझे कपडे घातले, तुझी पुस्तकं वापरली, विषयसुद्धा तुझाच घेतला. आज आयुष्यात एकदा मी तुझ्यापेक्षा मोठी होणार होते. तेवढंही होऊ दिलं नाहीस."

थोरलीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. काही बोलणार तोच कारकून बाहेर आला.

"मिळाली मुदत. या, सही करा." धाकटीने सही केली. त्याने आतल्या खोलीचं दार उघडलं. आत टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या. "मदतीला एक माणूस चालतं बरोबर. यांचं नाव घालू का?"

"तिलाच विचारा," धाकटी म्हणाली, आणि मागे न बघता आत गेली.

कारकून थोरलीकडे बघत दार धरून उभा राहिला.