पालकसभेतली ओळख

नव्या देशातल्या शाळेत पहिल्या दिवशी बाई वर्गात आल्यावर चिमी सवयीने उठून उभी राहिली आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून ती बाकाला चिकटून राहायला शिकली. आज पालकसभेला बाई आत आल्या आणि आई ताडकन उठली. मागच्या बाकांवर खसखस पिकली. "आई, बस ना खाली," चिमी तिची बाही ओढत पुटपुटली. मायदेशी अकरा वर्षं शिक्षिका असलेली आई ओशाळून बसली. "या कोण?" बाईंनी इथल्या भाषेत विचारलं. चिमीच्या तोंडून निघून गेलं, "शेजारीण." आईला इथली भाषा कुठे कळणार होती? आईने हसून मान डोलावली.  परतताना आई म्हणाली, "शेजारीण हा शब्द मी कालच शिकले, तुझ्याच पुस्तकातून." रस्ता ओलांडताना तिने नेहमीसारखा चिमीचा हात धरला, चिमीला मान वर करवेना.